छोट्या ब्रूअरीची नवी बिअर हाती लागली, आता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रमंडळींत कुणी अनोळखी लेबलची बिअर आणली की ठरलेले प्रश्न सुरू होतात. ही गढूळ का? हा वास कसला? मागच्या वेळची अशी नव्हती! तीच उत्तरं दरवेळी तोंडी देण्यापेक्षा एकदाची लिहून टाकली. कायद्याने ठरवलेलं वय अजून झालं नसेल तर वाचन इथेच थांबवा.

छोट्या खेपेची म्हणजे किती छोटी?

याची जगभर चालणारी एक व्याख्या नाही. अनेक छोट्या ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवणारे कारखाने, एका वेळी पाचशे ते दोन हजार लिटर बिअर बनवतात. हजार लिटरची टाकी धरली तर गाळ, सांडलवंड आणि चाखण्यात गेलेली वजा जाता ३३० मिलीचे तीन हजार कॅनही भरत नाहीत. तेवढे संपले की तो घाणा संपला.

अशा छोट्या ब्रूअरींच्या बिअरला लावतात तो ‘क्राफ्ट’ हा शब्द मात्र बराच सैल आहे. अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनच्या व्याख्येत वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत बिअर काढणारी ब्रूअरीसुद्धा ‘छोटी’ धरली जाते. तिथला एक बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर, म्हणजे हिशोब ७० कोटी लिटरवर जातो. त्यामुळे कॅनवर ‘क्राफ्ट’ लिहिलंय एवढ्यावर भाळू नका. खेपेचा क्रमांक आणि भरल्याची तारीख छापली असेल तर त्यातून जास्त कळतं.

म्हणजे ती मोठ्या कंपनीच्या बिअरपेक्षा चांगलीच असणार ना?

असं काही नाही. फिकट, हलकी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) लाखो लिटरमध्ये दर वेळी अगदी तशीच काढणं हे ब्रूइंगमधल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे, कारण तिथे चूक लपवायला जागाच नसते. भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) किंवा भाजलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घातलं की बरंच काही झाकलं जातं. छोट्या ब्रूअरीला धाडस परवडतं. एखादा प्रयोग फसला तर एक टाकी गटारात जाते, कंपनी बुडत नाही. पण तिच्याकडे मोठ्यांसारखी प्रयोगशाळा क्वचितच असते आणि तपासायला पुरेसे हातही नसतात, त्यामुळे फसलेली टाकी कधीकधी गटाराऐवजी आपल्या ग्लासात येते. म्हणूनच फरक कशाला म्हणायचं आणि दोष कशाला, हे पिणाऱ्याला थोडं तरी कळायला हवं. या पानावरचे निम्मे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात.

नवी बिअर दिसली की आधी काय बघू?

तारीख. चित्र, नाव, पुरस्काराचा बिल्ला, सगळं नंतर. ‘अमुक तारखेआधी वापरा’ यापेक्षा ‘अमुक तारखेला भरली’ हे जास्त उपयोगी, कारण वापराची मुदत ब्रूअरी आपल्या अंदाजाने ठरवते.

बिअर शिळी होते ती मुख्यतः उष्णतेने आणि ऑक्सिजनने. या धंद्यात एक ठोकताळा आहे: ३२ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढं २२ अंशांना तीस दिवसांत आणि ३ अंशांना तीनशे दिवसांत होतं. आकडे ढोबळ आहेत, पण मुद्दा लक्षात राहतो. छोट्या ब्रूअरीची बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली नसते, त्यामुळे तिला थंडी जास्तच लागते. फडताळात उन्हाशेजारी महिनाभर उभा असलेला कॅन आणि थेट थंड कपाटातून निघालेला कॅन, एकाच खेपेतले असले तरी वेगळ्या बिअरसारखे लागतील.

हॉप्सचा वास हीच जिची शान आहे अशी बिअर, म्हणजे आयपीए वगैरे, भरल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवलेली बरी. दहा टक्के अल्कोहोलच्या इंपीरियल स्टाउटला, म्हणजे दाट, काळ्या, कडक बिअरला, घाई नाही. ती वर्षभराने आणखी गोलाईदार लागू शकते. आंबट बिअरही बऱ्याच टिकतात. बाकी सगळ्या ताज्याच प्या. ‘जुनी म्हणजे मुरलेली’ हे लोणच्याला ठीक आहे.

लेबलवरचे एबीव्ही आणि आयबीयू म्हणजे काय?

एबीव्ही म्हणजे आकारमानाने किती टक्के अल्कोहोल. हा आकडा नक्की वाचा. पाच टक्क्यांच्या ५०० मिलीत सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या तेवढ्याच ग्लासात ३२ ग्रॅमच्या आसपास. ग्लास एकच, पण दुसरा दीडपटीहून जास्त भरतो. छोट्या ब्रूअरींच्या बिअरमध्ये आठ-नऊ टक्के सर्रास असतात आणि चांगल्या बनवल्या असतील तर जिभेला पत्ता लागत नाही. गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याच्या हाती द्या.

आयबीयू हा कडवटपणाचा आकडा. हॉप्स उकळल्यावर त्यातली आम्लं बदलून कडू होतात; एका लिटरमध्ये अशी साधारण एक मिलिग्रॅम आम्लं म्हणजे एक आयबीयू. जिभेला मात्र हा आकडा कळत नाही. गोडसर, दाट स्टाउटमधले ४० सौम्य वाटतात आणि कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, पिल्सनरमधले (हा फिकट लागरचा एक प्रकार) ४० घशापर्यंत जाणवतात. मी स्वतः हा आकडा बघणं सोडून दिलंय.

ग्लासात ओतली तर ताकासारखी गढूळ! नासली का?

बहुधा नाही. गव्हाची बिअर गढूळच असते. ‘हेझी’, म्हणजे धूसर, आयपीएमध्ये ओट्स आणि गहू मुद्दाम घालतात, वर आंबवण झाल्यावर किंवा होता होता थंड बिअरमध्येच हॉप्स टाकतात. धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं एकमेकांना धरून तरंगत राहतात, म्हणून ती संत्र्याच्या रसासारखी दिसते. न गाळलेल्या बिअरमध्ये तळाशी यीस्टही (बिअर आंबवणारे सूक्ष्मजीव) बसतं. ते प्यायलं तर बिघडत नाही, फार प्यायलं तर पोटात गुडगुड होते.

काळजी केव्हा करायची? जी बिअर स्वच्छ असायला हवी, उदाहरणार्थ पिल्सनर, ती गढूळ आणि वर आंबूस असेल तर. किंवा पिवळी हेझी बिअर करडी-तपकिरी, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी झाली असेल तर. तिच्यात हवा शिरलेली आहे. पोटाला अपाय होणार नाही, पण हॉप्सचे पैसे गेले.

काळी बिअर जास्त चढते, बरोबर?

चूक. काळा रंग कडक भाजलेल्या माल्टचा असतो. गिनेस ड्राफ्ट काळीभोर, आणि अल्कोहोल ४.२ टक्क्यांच्या आसपास. बेल्जियमची डुव्हेल सोनेरी, आणि ८.५ टक्के.

आयपीएमधला ‘आय’ खरंच इंडियाचा?

हो, इंडिया पेल एलच. (पेल म्हणजे फिकट, आणि एल हा लागरपेक्षा जास्त उबेत आंबवलेल्या बिअरचा प्रकार.) पण ‘भारतापर्यंतच्या लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून कुणा इंग्रजाने मुद्दाम ही बिअर शोधून काढली’ ही गोष्ट जरा जास्तच गुळगुळीत आहे. भरपूर हॉप्सच्या फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होत्या. लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांपासून हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे तिचा माल या मार्गाला लागला. १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंटचे ब्रूअर यात उतरले आणि जिप्समचा अंश असलेल्या तिथल्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा आणखी खणखणीत उतरला. त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बिअरही येत होती आणि तीही पोचत होतीच.

आजची फळांच्या वासाची आयपीए मात्र अमेरिकेतली. तिथे १९७२ मध्ये कॅस्केड ही हॉप्सची जात लागवडीसाठी खुली झाली, आणि ग्रेपफ्रूट-संत्र्याच्या सालीचा तो वास लोकांनी डोक्यावर घेतला.

हा वास मुद्दाम आणलाय की चूक झालीय?

याच प्रश्नावर मी दोनदा तोंडघशी पडलोय, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिल्यांदा धुराच्या बिअरवरून. पहिल्याच घोटाला जळक्या लाकडाचा वास आला आणि मी ग्लास परत केला, ‘टाकीत काहीतरी करपलंय’ असं म्हणून. देणाऱ्याने शांतपणे सांगितलं की जर्मनीतल्या बाम्बेर्गमध्ये ही पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे. मोड आलेली बार्ली बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. ग्लास मुकाट्याने परत घेतला. निम्मा संपेपर्यंत धूर नाकाला सवयीचा झाला होता आणि खालचं गोडसर माल्ट लागायला लागलं होतं.

दुसऱ्यांदा उलटं झालं. एका छोट्या ब्रूअरीची सोनेरी लागर हुंगून मी खुशीत म्हणालो, ‘वा, काय लोण्यासारखा वास आहे!’ ब्रूअरचा चेहरा पडला. तो दोष होता. यीस्ट साखर खाताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं पुढे डायअॅसिटिल होतं आणि त्याला लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास येतो. पुरेसा वेळ आणि जराशी ऊब मिळाली तर यीस्ट तो आपणच परत खाऊन टाकतं. टाकी घाईने गार केली तर राहून जातो. पुढच्या भेटीत त्याने त्याची तपासणी दाखवली. टाकीतून दोन छोट्या ग्लासांत बिअर काढली, दोन्हींवर फॉइल घट्ट लावलं, एक ग्लास कढत पाण्याच्या भांड्यात ठेवला, दुसरा तसाच. वीस मिनिटांनी पहिला गार करून दोन्ही माझ्या नाकाखाली धरले. तसाच ठेवलेला स्वच्छ. गरम केलेल्यातून मात्र भपकन लोणी. म्हणजे आज वास नसला तरी उद्या कॅनमध्ये तो येणार होता. त्याने टाकीवरच्या पाटीवरची तारीख बोटाने पुसली आणि तीन दिवस पुढची लिहिली.

बाकीचे नेहमीचे वास असे. हिरव्या सफरचंदाचा, कच्चट वास म्हणजे असिटाल्डिहाइड: बिअर कोवळी असतानाच काढलीय. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. झाकण उघडं ठेवून खळखळून उकळलं की तो वाफेबरोबर निघून जातो, हलक्या लागरमध्ये किंचितसा चालतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी. व्हिनेगरचा म्हणजे जिवाणू शिरलेत, ती आंबट बिअर म्हणून बनवलेली नसेल तर.

आणि आता गंमत. लवंगेचा आणि केळ्याचा वास बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये असलाच पाहिजे. तिथलं यीस्ट तो तयार करतं आणि तो नसेल तर लोक नाक मुरडतात. तोच लवंगेचा वास पिल्सनरमध्ये आला तर कुठलं तरी आगंतुक यीस्ट टाकीत घुसलंय. घोड्याच्या खोगिराचा, तबेल्याचा वास ब्रेटॅनोमायसीस नावाच्या यीस्टचा. ब्रसेल्सजवळ बनणाऱ्या लाम्बिक या आंबट बिअरमध्ये त्याचं कौतुक होतं आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी त्याच्या नावाने बोटं मोडतात. त्यामुळे आधी विचारा, ‘ही कुठल्या प्रकारची बिअर आहे?’ मग नाक मुरडा.

पहिला घोट कसा घ्यायचा? वाइनवाल्यांसारखं गुळण्या करायच्या का?

नको. ग्लास अर्धा भरा, जरा फिरवा आणि लगेच हुंगा. हॉप्सचे काही वास पहिल्या मिनिटातच उडून जातात. मग घोट घ्या आणि गिळा. वाइन चाखून थुंकतात, बिअर चाखणारे सहसा गिळतात. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. निम्मी चव तिथे कळते.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. आधी काय खाल्लं-प्यायलं त्याची चव जिभेवर असते आणि बिअर बहुधा गरजेपेक्षा गार असते. माझं मत तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर, ग्लासाचा गारवा जरा उतरल्यावर बनतं. तोवर पहिल्या घोटाला भारी वाटलेल्या काही बिअर कंटाळवाण्या झालेल्या असतात. विशेषतः फळं, व्हॅनिला, मार्शमेलो घातलेल्या. त्या शंभर मिलीत छान लागतात. अख्खा ग्लास संपवताना कळतं की आपण मिठाई पितोय.

चार-पाच नमुने एकत्र घेतले असतील तर फिकटापासून दाटाकडे, हलक्यापासून कडकाकडे जा. आयपीएनंतर पिल्सनर प्यायलात तर ती पाण्यासारखी लागेल आणि बिचारीवर अन्याय होईल.

किती गार करू?

हलकी लागर ४ ते ७ अंश, एल आणि आयपीए ८ ते १२, जड स्टाउट त्याहून थोडी कमी गार. घरात थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही. स्टाउट पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवली की झालं. बर्फाळ ग्लास मात्र वापरू नका. थंडीने जीभ बधिर होते आणि ग्लासावरचं बर्फ वितळून बिअरमध्ये पाणी जातं.

ग्लास स्वच्छ आहे का हे बिअरच सांगते. ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर तिथे तेलकटपणा किंवा साबण राहिलाय. त्याने फेसही लगेच बसतो.

मागच्या खेपेची याहून छान होती. फसवलं का?

शक्यता कमी. हॉप्सचं पीक वर्षातून एकदाच येतं आणि दर वर्षी जरा वेगळं येतं. बार्लीचंही तेच. यीस्ट तर जिवंत. विरजणासारखं एका टाकीतून काढून पुढच्या टाकीत घालतात आणि काही पिढ्यांनी ते थकतं किंवा बदलतं. यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवण्याची पद्धत एमिल ख्रिश्चन हानसेनने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. त्याआधी ‘यंदाची बिअर बिघडली’ हे ब्रूअरच्या पाचवीलाच पुजलेलं. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता कायद्यात तर बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय. यीस्टचं नावही नाही. ते नेमकं काय आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

तर थोडा फरक मी चालवून घेतो. मागच्या वेळी आंब्याकडे झुकणारा वास होता, या वेळी पेरूकडे झुकतोय, हरकत नाही. मागच्या वेळी नसलेला पुठ्ठा या वेळी असेल तर ते ‘हाताने बनवलेल्या वस्तूचं वेगळेपण’ वगैरे नव्हे. तो दोष आहे आणि तसं स्पष्ट सांगावं.

कॅन की बाटली?

कॅन. उजेड आत जात नाही. हॉप्सच्या कडू आम्लांवर उजेड पडला की गंधकाचा एक संयुग तयार होतो आणि बिअरला स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा उग्र दर्प येतो. कडक उन्हात यासाठी काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाहीच.

फळाच्या रसाच्या बिअरचा कॅन फुगलाय. उघडू का?

सावकाश. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आंबवण संपल्यावर फळाचा गर घातला आणि बिअर पाश्चराइझ केली नाही, तर उरलेलं यीस्ट कॅनमध्ये पुन्हा कामाला लागतं आणि दाब वाढत जातो. कॅन किंवा बाटली फुटू शकते. असे कॅन कायम फ्रिजमध्ये ठेवायचे. फुगलेला दिसला तर चेहऱ्यापासून लांब धरा, आधी पूर्ण गार करा आणि सिंकमध्ये उघडा. कडक टम्म झाला असेल तर उघडूही नका. ब्रूअरीला फोटो आणि खेपेचा क्रमांक कळवा. बाकीच्या कॅनांबद्दल त्यांना तातडीने कळायला हवं.

ग्राउलरमध्ये भरून आणलेली किती टिकते?

ग्राउलर म्हणजे ब्रूअरीत नळावरून भरून आणायचा झाकणाचा मोठा बुधला. न उघडता, गार ठेवून दोन-तीन दिवस. उघडली की त्याच दिवशी संपवा.

ग्लूटेन चालत नाही. काही पर्याय?

बार्ली आणि गहू दोन्हींत ग्लूटेन असतं. ज्वारी, मका, तांदूळ, बकव्हीट यांच्यापासून बनवलेली बिअर शोधा. ‘ग्लूटेन कमी केलेली’ आणि ‘ग्लूटेन नसलेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीलिअॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर पहिलीच्या वाटेला जाऊ नका.

ब्रूअर भेटला तर काय विचारू? बावळट तर नाही ना वाटणार?

‘ही कधी भरली?’ आणि ‘यात तुम्हाला काय आणायचं होतं?’ हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्याचं उत्तर ऐकताना ग्लास हातात ठेवा. तो म्हणाला ‘कोरडी, कडवट’ आणि तुम्हाला गोड लागली, तर ते सांगा. बहुतेक ब्रूअर ‘मस्त आहे’ ऐकून कंटाळलेले असतात. ‘आवडली नाही’पेक्षा ‘शेवटी जीभ तुरट होते’ हे त्यांना उपयोगी पडतं. आणि हे तोंडावर, हळू आवाजात सांगावं. टाकीजवळ उभं राहून दहा जणांसमोर नव्हे.

फार आवडली! पुन्हा मिळेल?

कदाचित नाही. एखादी खेप हॉप्सच्या उरलेल्या पिशव्या संपवायला काढलेली असते, ती पुन्हा जुळत नाही. रिकाम्या कॅनच्या बुडाचा फोटो काढून ठेवा, तारीख आणि खेपेचा क्रमांक बहुधा तिथेच असतो. पुढच्या वेळी ‘ती पिवळ्या कॅनवाली’ असं म्हणण्यापेक्षा तो क्रमांक दाखवलात तर ब्रूअर वही उघडून नेमके कोणते हॉप्स होते ते सांगू शकतो, आणि त्याच हॉप्सची दुसरी कुठली बिअर सध्या टाकीत आहे तेही.